पिंपातली चूल

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. हरसूल सोडून नाशिकला निघाले त्या सकाळी मी माझी चूल फोडली. चुकून नव्हे. पदर खोचून, मुसळ दोन्ही हातांत धरून, दारात आळीतल्या चार बायका उभ्या असताना फोडली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकजवळ अंबडला कारखाने नुकते उभे राहत होते आणि आमच्या ह्यांना तिथे हेल्परची नोकरी लागली होती. मी वयाने वीस, अकलेने बारा. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासूने पडवीत माझ्यासाठी वेगळी चूल घालून दिली होती, स्वतःच्या हाताने, वारुळाची माती, भाताचं तूस आणि शेण एकत्र मळून. सासूला आम्ही आत्याच म्हणतो. आत्याच्या हातच्या चुलीला गावात मान होता. तिचा वैल, म्हणजे चुलीच्या बाजूचं धाकटं तोंड, असा बसवलेला असायचा, की पुढे भाकरी होईपर्यंत वैलावर उरलेल्या आचेत डाळ आपली आपण शिजून जायची. बाईने ढवळायलाही उठायला नको.

घर हलवायचं तर आमच्याकडे चुलीला हळदकुंकू वाहून, पाया पडून निघतात. मीही तेच करणार होते. पण एका बाईने विचारलं, "हिरे, चूल आता कुणाला देती गं?" आणि माझ्या अंगात नाशिक शिरलं. म्हटलं, "द्यायची कशाला? आता कोण फुंकत बसणार? मला गॅस मिळणार हाय." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बायका हसल्या, मला चेव आला, आणि मी मुसळ उचललं. दोन घावांत चूल बसली.

आत्या उंबऱ्यात सूप घेऊन नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. ती ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. तिने सुपातला एक खडा वेचला, बाहेर टाकला आणि मुलाला म्हणाली, "काशा, येष्टी चुकंल." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. एसटीत तिकीट काढून झाल्यावर आमचे हे एवढंच म्हणाले, "आईला ती चूल घालताना तू बघितलं नव्हतंस ना?" मी म्हटलं, "चूल ती चूल, त्यात काय बघायचं." अशी मी. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या हातात ते मुसळ नाही, झाडू देईन.

नाशिकला आम्हाला बैठ्या चाळीसारख्या वसाहतीत एक खोली, स्वयंपाकाची जागा आणि मागे चटईएवढं परस मिळालं. गॅसचं म्हणाल तर एजन्सीतल्या माणसाने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाला, "नंबर लागला की कार्ड येईल." मी विचारलं, "या महिन्यात?" त्याने माझ्याकडे ज्या मायेने पाहिलं ना, तशी माया पुढे मला फक्त दवाखान्यात मिळाली. वर्षं लागत होती वर्षं. तोवर पितळी पंपाचा स्टोव्ह आणि रेशनचं रॉकेल. पंप मारायचा, पिन घालायची, भडका उडाला की मागे सरायचं. गॅसवाली बाई भुवया जाळून घेत होती.

आणि आत्याने एक धरून ठेवलं होतं. आमचे हे सुट्टीला हरसूलला जायचे, मी बरोबर गेले तर ती शेतावर निघून जायची. नाशिकला चल म्हटलं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं. ह्यांनी मला ते सांगितलं नव्हतं, मीच एकदा कुडाआडून ऐकलं. "जी चुलीवर मुसळ घालती, तिच्या घरचं मी पाणी बी पिणार नाय. मला तुझ्याकडं बोलवू नको, काशा, आन् तू मधी पडू नको."

आमच्या ह्यांना आईखेरीज कुणी नव्हतं. बाप लहानपणीच गेलेला. सणाला ताट वाढलं की हे पहिला घास हातात धरून क्षणभर थांबायचे. तो थांबलेला घास मला दिसायचा आणि मी माझी भाकरी नुसती कुस्करत राहायचे. ती म्हातारी माझ्या घरात येऊन जेवल्याशिवाय ह्या घराला घर म्हणता येणार नाही, हे मला पहिल्या वर्षातच कळलं. कळलं म्हणून शहाणपण आलं असं मात्र समजू नका. मी काय केलं, तर हरसूलच्या बाजाराला जाणाऱ्या एका बाईबरोबर निरोप धाडला, "आत्याला सांगा, घरी गॅस आला." म्हणजे ती बघायला तरी येईल! ती आली नाही. तिने केळीच्या पानात बांधून धुरातली मासळी पाठवली आणि वर निरोप, "गॅसवर भाज म्हणावं."

धुरातली मासळी आमच्या डोंगरातल्यांना सांगायला नको. नवं पाणी आलं की ओढ्याला चढणारे मासे धरायचे, साफ करून मीठ लावायचे आणि चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या जाळीवर पसरून द्यायचे. चूल आपला स्वयंपाक करत राहते, धूर आपलं काम करत राहतो. दोन-चार दिवसांत मासा तांबूस, कडक आणि असा खमंग होतो की नुसत्या वासावर भाकरी संपावी. मी ती आत्याची मासळी स्टोव्हवर भाजली. रॉकेलचा वास लागला. आमच्या ह्यांनी शेपटीपर्यंत खाल्ली. नावं ठेवली असती तर बरं झालं असतं.

पुढे मलाही अंबडला काम मिळालं, मोटारींच्या वाइंडिंगचं. तांब्याची तार साच्यावर मोजून गुंडाळायची, एक वेढा चुकला तर सगळं उलगडायचं. भातलावणीच्या बोटांना ते झकास जमलं. सकाळी आठ ते साडेचार. ह्यांच्या तर तीन पाळ्या फिरत्या. कुणी कधीही उपाशी घरी यायचं. मला असं काहीतरी हवं होतं, जे मी सकाळी पेटवून जाईन आणि जे माझ्या मागे, माझ्यावाचून, दिवसभर मंद आचेवर शिजवत राहील. आख्खे उडीद, हुलगे, रविवारी बोकडाचे पाय. स्टोव्ह सोडून जाणं म्हणजे घर जाळणं. कोळशाची शेगडी तासाभरात हाय खायची, पुन्हा कोळसे, पुन्हा पंखा. कोणाला तरी तिच्यासमोर बसायलाच हवं. म्हणजे मला हवा होता वैल, आणि तो मी फोडून आले होते.

शेजारच्या मंदाताईंनी भुशाची शेगडी सुचवली. मंदाताई मूळच्या चांदवडकडच्या, कांदेवाल्यांच्या घरातल्या, बाबासाहेबांचा फोटो दारासमोर लावलेला, सकाळच्या शाळेत शिक्षिका. बोलणं असं की पट्टी मारली तरी लागू नये. त्या म्हणाल्या, "हिराबाई, लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मधे भोक ठेवायचं, खालून पेटवायचं. आठ-नऊ तास धुमसतो. वखारीत पोतं भरून जवळजवळ फुकट. पण शेगडी बघून घ्या. घाई केलीत तर पस्तावाल."

मी घाई केली. मेन रोडच्या दुकानात निळ्या रंगाची एक होती, कडेला पांढरी फुलं काढलेली. आमच्या दाराचा रंगही निळा होता, बाकी कारण विचारू नका. पहिल्याच दिवशी फुलं पेटली. घरभर रंगाचा वास, उडदाला रंगाचा वास, ह्यांच्या डब्याला रंगाचा वास. तिसऱ्या आठवड्यात तळ गळून पडला. मंदाताईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "फुलं छान होती हो."

मग मात्र मी ठरवलं की आता घ्यायची ती डोकं लावून. अंबडच्या रस्त्याला रशीदभाईंचं भंगाराचं दुकान होतं. तिथे पिंपं रचलेली असायची, लहानमोठी, कारखान्यांतून आलेली. मी एकेका पिंपात डोकं घालून वास घेऊ लागले. रशीदभाई आधी हसले, मग गंभीर झाले. "ताई, ठीक करताय. यात केमिकल होतं, हे सोडा. ह्यात ग्रीस, ते पण सोडा, दहा वेळा जाळलं तरी जात नाही. हे घ्या, खायच्या तेलाचं. पत्रा पण जाड." मी बोटाने टिचकी मारली. निळ्या शेगडीचा आवाज डबा वाजवल्यासारखा यायचा, ह्याचा घागरीसारखा आला. तेच घेतलं. दिसायला म्हणाल तर आजारी रेड्यासारखं.

लोहाराने खाली वीतभर रुंदीचं तोंड कापलं, त्याला सरकती झडप लावली, आत जाळी बसवली, वर तीन टेकू ठोकले. झडप एका बोटाने हलली पाहिजे आणि हललेली तिथेच थांबली पाहिजे, यासाठी मी त्याला तीनदा परत पाठवलं. तो म्हणाला, "बाई, तिजोरी करतोय का मी?" मी म्हटलं, "हो." आच झडपेत असते, हे मला आता कळायला लागलं होतं. वैलाचं तोंड आत्या बोटांनी निमुळतं का करायची, तेही.

पहिले आठ दिवस पिंपाने माझी पार जिरवली. भुसा सैल भरला तर मधलं भोक ढासळून आग गुदमरायची. ओला भरला तर वसाहतभर धूर, आणि मंदाताई खोकत खोकत, "आम्ही अजून आहोत." एकदा दुसरी पाळी करून हे आले आणि उडीद गोट्यांसारखे. ते पावाबरोबर कांदा खाऊन झोपले. पण नवव्या दिवशी मी कोरडा भुसा थोडा थोडा टाकत मुठीने ठासला, मधला लाकडी दांडा फिरवत हलकेच वर ओढला, भोक विहिरीसारखं सरळ उभं राहिलं. खालून चिंधी पेटवली, धूर निवळून आच लाल झाली तशी झडप बोटभर ठेवली, वर उडदाचं पातेलं, त्यावर झाकण, झाकणावर वरवंटा, आणि कामावर निघून गेले. दिवसभर तार गुंडाळताना माझं मन परसात होतं. साडेचारला सुटले ती जवळजवळ पळतच आले. झाकण काढलं. उडीद असे शिजले होते की डाव फिरवला तर मऊ लोण्यासारखे बाजूला झाले. मी एकटीच परसात उभी राहून हसत होते. एवढा अभिमान मला ना लग्नात वाटला होता, ना पहिल्या पगाराला.

मग वसाहतीत नाव झालं. मंदाताई रविवारी बोकडाचे पाय घेऊन यायच्या, "तुमच्या रेड्यावर ठेवा." अंबडच्या बायकांना मी रशीदभाईंकडे घेऊन जायचे आणि पिंपात डोकी घालायला लावायचे. पुढच्या दोन वर्षांत आमच्या ओळीत सात पिंपं धुमसत होती आणि सातही घरच्या बायका कामावर होत्या. त्यातली एकही निळी नव्हती.

मासळीचं डोक्यात आलं ते वखारीत. भुसा चाळताना एका पोत्याला ओळखीचा वास आला. साग. मालक म्हणाला, "तुमच्याच हरसूल-पेठच्या डोंगरातला." आमचं जंगल माझ्या आधी नाशिकला आलं होतं, आणि भुसा होऊन बसलं होतं. पण सागाच्या धुराने मासा कडवट होतो. मी फळांची खोकी करणाऱ्याकडून आंब्याच्या लाकडाचा भुसा आणला. रशीदभाईंकडून दुसरं अर्धं पिंप, तोंड कापलेलं, ते पहिल्यावर उलथं बसवलं, आत तारा ओवल्या, त्यांना मीठ लावलेले धरणातले मासे लटकवले. भुसा निम्माच, झडप अगदी केसभर. आच नको, धूर हवा. सकाळी लावायचं, संध्याकाळी बघायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मासा तांबूस झाला. चाखला, आणि मी परसातल्या दगडावर बसले. आत्याची चव नव्हती. पण तिच्या नात्यातली होती.

ती मासळी मी पानात बांधून ह्यांच्याबरोबर हरसूलला पाठवली. निरोप काही दिला नाही. माझे निरोप कसे असतात ते आत्याला माहीत झालं होतं. तिथे काय झालं ते ह्यांनी येऊन सांगितलं. आत्याने पान उघडलं, मासा नाकाशी नेला, मोडला, आतला रंग पाहिला.

"कुणाच्या चुलीवरची?"

"तिनंच केली."

"गॅसवर?"

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "पिंपात." आत्याने मासा परत केला नाही.

पंधरा दिवसांनी, कामाचा दिवस. साडेचारला सुटून घरी आले, तर परसात दगडावर आत्या बसलेली. एकटी एसटीने आली होती, पत्ता विचारत विचारत. घराला कुलूप, मागे पिंप धुमसतंय, वर पातेलं खदखदतंय आणि माणूस नाही. दुपारी शाळेतून आलेल्या मंदाताईंनी तिला त्यांच्या परसातून आत घेतलं, पाणी दिलं, चहा दिला आणि माझ्याबद्दल बरंच काही सांगितलं असावं, कारण मला बघताच त्या चटकन घरात गेल्या. आत्या हातात काठी घेऊन पिंपाची राखण करत बसली होती. चार तास.

"आग पेटती ठिवून बाई गावभर," ती म्हणाली. तीन-चार वर्षांत मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"गावभर नाही आत्या, कामावर गेले होते."

"आन् ही?"

"ही पण कामावरच आहे."

तिच्या ओठाची एक कड हलली, पण तिने ती आवरली. उठून पिंपाभोवती फिरली. झडपेला बोट लावलं, मागे-पुढे केली, पुन्हा केली. वाकून आत पाहिलं. भोक अजून शाबूत होतं, कडा लाल. "निमुळती ठेवती व्हय," ती स्वतःशीच म्हणाली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. काय बोलावं याची चार वर्षं तयारी केली होती, त्यातलं काही आठवलं नाही.

"आत्या, गॅस नाही आला. कधीच आला नव्हता."

"ठावं हाय."

"ह्यांनी सांगितलं?"

"त्याच्या सदऱ्यानं सांगितलं. आधी राकेल वासायचं, मंग धूर. गॅसवाल्याचा सदरा आसा वासतो व्हय?"

मी म्हटलं, "आणि ती चूल..."

"तीन दिस लागले मला ती घालाया," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सुकाया आठ. तुला दोन घाव लागले."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं नाही. तसं केलं असतं तर तिने काठीच घातली असती. मी आत गेले, कुलूप काढलं, नागलीच्या भाकरी थापल्या, पातेलं उतरवलं आणि तिच्यासमोर ताट ठेवून बाजूला उभी राहिले. ती ताटाकडे बघत बसली. तेवढ्यात पहिली पाळी आणि वर ओव्हरटाइम करून हे आले. दारात आईला पाहून चपला काढायचे विसरले. "बस, काशा, ऊन हाय तवर खा," ती म्हणाली आणि भाकरी मोडली. उडदात बुडवली. खाल्ली. मग दुसरा घास. ह्यांनी त्या दिवशी पहिला घास हातात धरून ठेवला नाही.

आता आमचे हे नाहीत, आत्या तर कधीच नाही. माझ्याकडे दोन सिलिंडर आहेत. नात परदेशात असते. परवा तिने फोनवर एक काळं यंत्र दाखवलं. अंगणात ठेवायचं, लाकडाच्या धुरात मांस बारा-बारा तास शिजतं, म्हणे बघायला लागत नाही. बारा प्रकारची आहेत, परवडेल अशी कुठली घेऊ, ती विचारत होती. मी तिला सांगितलं, पत्रा जाड घे, झाकण घट्ट बसतं का बघ, झडप एका बोटाने फिरली पाहिजे, आणि रंगाला भुलू नकोस. ती म्हणाली, "आजी, तुला कसं गं माहीत?" तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं, आणि हरसूलला राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं तोंड वर करून निघालेल्यांसाठी. तुम्ही विचाराल, घर कुठलं, हरसूल की नाशिक. मला विचाराल तर जिथे आच ठेवून बाईला निर्धास्त बाहेर पडता येतं, मागे कुणीतरी आहे म्हणून, ते घर. मला ते मिळालं त्या संध्याकाळी. जेवण झाल्यावर आत्या ताटात हात धुऊन उठली, परसात गेली, पोत्यातला भुसा मुठीत घेऊन दाबून पाहिला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"उद्या भुसा मी भरते. तू कामावर जा."